पुराच्या दिवसांसाठी जुन्या किंडलवर स्वतःचं ॲप

पंचगंगा चढायला लागली की कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी कितव्या फुटाला येतं, गाडी कधी हलवायची, पीठ-तांदूळ कधी माडीवर न्यायचे, हे दर वेळी नव्याने आठवावं लागतं. तेही वीज गेलेली आणि मोबाइल पंधरा टक्क्यांवर आलेला असताना. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली होती. म्हणजे असा प्रसंग पुन्हा येणारच नाही, असं धरून चालता येत नाही.

कपाटात पडलेलं जुनं ई-रीडर या कामाला चांगलं लागतं. ई-इंक पडद्यावर एकदा चित्र उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. वीज फक्त चित्र बदलताना खर्च होते. खाली सांगितलेलं ॲप २०११-१२ च्या साध्या, बटणांच्या किंडलसाठी आहे, ज्याला चौथ्या पिढीचं किंडल म्हणतात. नोंदवलेल्या फुटानुसार ते एक पान दाखवतं, पातळी एका फुटाने वर-खाली करता येते, आणि फोन नंबर, सामानाची यादी अशी दोन-तीन पक्की पानं त्यात असतात. इंटरनेट लागत नाही. प्रोग्रामिंगची सवय नसली तरी एका रविवारात होण्यासारखं आहे.

एक सूचना आधीच. फाइलींची आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायची. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

यंत्र ओळखणं

मेन्यू, मग सेटिंग्ज उघडा. पानाच्या तळाशी फर्मवेअरची, म्हणजे यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती दिसते. ती ४ ने सुरू होत असेल तर हे तेच यंत्र. सिरियल नंबर बी००ई ने सुरू होत असेल तर राखाडी मॉडेल, बी०२३ ने असेल तर काळं. दोन्हींचा पडदा सहा इंची, ६०० × ८०० ठिपक्यांचा, इंचाला १६७ ठिपके. प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी. आजच्या हिशेबात हे काहीच नाही, पण आपलं ॲप इतकं हलकं आहे की याच्या दहाव्या हिश्श्यातही चाललं असतं.

टच पडद्याची किंडल्स, पेपरव्हाइट वगैरे, यांनाही हीच पद्धत लागू पडते. फक्त कुलूप उघडायची रीत वेगळी आणि चित्राचं माप वेगळं. पहिल्या दोन पेपरव्हाइटचा पडदा ७५८ × १०२४ आहे, तिसऱ्याचा १०७२ × १४४८.

सुरुवातीलाच वायरलेस बंद करा आणि काम संपेपर्यंत बंदच ठेवा. मधेच फर्मवेअर बदललं तर केलेलं काम पुसलं जाऊ शकतं. बॅटरी पूर्ण भरून घ्या. पुस्तकं आणि नोट्स संगणकावर उतरवून ठेवा. केबल डेटाची हवी. मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त मायक्रो-यूएसबी केबलींपैकी कितीतरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्या लावल्या की किंडल चार्ज होतं, पण संगणकावर ड्राइव्ह दिसत नाही आणि माणूस उगाच यंत्राला दोष देत बसतो.

कुलूप उघडणं

कुलूप म्हणजे बाहेरचे प्रोग्राम चालू न देणारं किंडलचं बंधन. या सगळ्या कामात जोखीम असलेला भाग हाच. आपलं ॲप मात्र एका फोल्डरात राहतं, आणि तो फोल्डर पुसला की ॲप गेलं.

चौथ्या पिढीच्या किंडलचं जेलब्रेक (म्हणजे हे कुलूप उघडायचं) पॅकेज मोबाइलरीड या ई-रीडरवाल्यांच्या मंचाच्या विकीवरून घ्या, दुसऱ्या कुठल्या अनोळखी जागेवरून नको. झिप उघडली की त्यात तीन गोष्टी मिळतात: डेटा.टार.जीझेड नावाची फाइल, एनेबल_डायग्ज नावाची रिकामी फाइल (हे नाव सगळं मोठ्या अक्षरांत, पुढे कुठलंही एक्स्टेन्शन नाही) आणि डायग्नॉस्टिक_लॉग्ज हा फोल्डर. तिन्ही किंडलच्या ड्राइव्हवर सर्वांत बाहेरच्या पातळीला ठेवा, डॉक्युमेंट्सच्या आत नाही. बाहेरची झिप उघडायची, पण आतली टार.जीझेड फाइल उघडायची नाही, ती आहे तशीच जायला हवी. काही संगणक उत्साहाने तीही उघडून टाकतात, आणि मग पुढे काहीच घडत नाही.

ड्राइव्ह नीट इजेक्ट करून केबल काढा. सेटिंग्जच्या पानावर पुन्हा मेन्यू दाबून रीस्टार्ट निवडा. यंत्र या वेळी नेहमीसारखं सुरू न होता डायग्नॉस्टिक्सच्या इंग्रजी यादीत उघडतं. घाबरू नका, तेच हवं आहे. पाच दिशांच्या बटणाने डी हा पर्याय घ्या (एक्झिट, रीबूट असं लिहिलेला), मग आर म्हणजे रीबूट सिस्टिम, मग क्यू म्हणजे पुढे चालू. पडद्यावर 'एफडब्ल्यू लेफ्ट' असं आलं तर त्याचा अर्थ त्याच बटणाची डावी बाजू. सुमारे वीस सेकंदांनी जेलब्रेकचं चित्र येतं, मग यंत्र पुन्हा सुरू होतं आणि पुस्तकांच्या यादीत एक नवं इंग्रजी पुस्तक दिसतं, ज्याच्या नावातच काम झाल्याचं लिहिलेलं असतं. ते दिसलं नाही तर पुढे जाऊ नका. तिन्ही गोष्टी बाहेरच्या पातळीलाच आहेत ना, हे पाहून पुन्हा करा. यंत्र परत परत डायग्नॉस्टिक्समध्येच उघडत असेल तर त्याच डी पर्यायाच्या आत डायग्नॉस्टिक्स बंद करायची ओळ आहे, ती निवडा.

यानंतर दोन वस्तू बसवायच्या. पहिली एमकेके, म्हणजे बाहेरचे छोटे प्रोग्राम चालवायचं प्रमाणपत्र. चौथ्या पिढीसाठीची तिची अपडेट फाइल बाहेरच्या पातळीला ठेवून सेटिंग्जमधल्या मेन्यूतून 'अपडेट युअर किंडल' करा. दुसरी क्युअल (के, यू, ए, एल), म्हणजे आपल्या ॲपचा मेन्यू दाखवणारा प्रोग्राम. पॅकेजमधली तुमच्या मॉडेलसाठीची एझेडडब्ल्यू२ फाइल डॉक्युमेंट्समध्ये टाकली की ती पुस्तकासारखी यादीत दिसते. उघडून पाहा. रिकामा मेन्यू आला तरी चालेल.

मराठी मजकूर चित्रातूनच

या किंडलमध्ये पडद्यावर थेट लिहिणारी एक आज्ञा आधीपासून असते: ईआयपीएस. चार अक्षरं, ई, आय, पी, एस. ती दोन कामं करते, साधा इंग्रजी मजकूर छापणं आणि पीएनजी चित्र दाखवणं. देवनागरी तिला छापता येत नाही. नुसता फाँट टाकूनही भागत नाही, कारण मराठीत अक्षरं एकापुढे एक ठेवून शब्द होत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न्यायची, रफार डोक्यावर चढवायचा, 'क्ष' जोडायचा, ही सगळी मांडणी करणारा भाग या फर्मवेअरमध्ये नाहीच. म्हणून मांडणीचं काम संगणकाकडे सोपवायचं आणि किंडलला तयार चित्र द्यायचं. जुन्या यंत्राला विचार करायला लावू नये, फक्त दाखवायला लावावं. या ॲपची सगळी रचना याच एका तत्त्वावर आहे.

याचा एक फायदाही आहे. शेवटी सगळं चित्रच होणार असल्यामुळे युनिकोडची सक्ती नाही. मंडळाचं किंवा सोसायटीचं पत्रक छापखान्यात श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटात केलेलं असेल तर तेही चालेल.

चित्रं गिम्पमध्ये करा. फुकट आहे, आणि मराठी जोडाक्षरं नीट बसवतं. जुन्या फोटोशॉपमध्ये ती तुटतात. नवीन चित्र ६०० रुंद, ८०० उंच, पार्श्वभूमी पांढरी. फाँट मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, वजन सेमीबोल्ड किंवा बोल्ड. बारीक वजनाची अक्षरं पडद्यावर राखाडी आणि पिचकी दिसतात, मेणबत्तीच्या उजेडात तर वाचताच येत नाहीत. मजकूर ३६ ठिपक्यांचा ठेवा, तो पडद्यावर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास भरतो. ओळींतलं अंतर दीडपट, कारण वर मात्रा आणि खाली उकार असतो. अशा हिशेबाने पानावर बारा ओळी सुखाने मावतात. फुटांचा आकडा मात्र २५० ठिपक्यांचा, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसेल असा.

वरचे ३० ठिपके मोकळे सोडा, तिथे किंडलची स्वतःची पट्टी मधेच उमटते. खालचे ६० ठिपकेही कोरे, तिथे आपण वेळ छापणार आहोत.

रंग नाहीत, त्यामुळे लाल-पिवळ्याचं काम काळ्या-पांढऱ्यावर भागवायचं. ३९ च्या खाली पांढऱ्यावर काळा आकडा, ३९ पासून आकड्याभोवती जाड चौकट, ४३ पासून काळ्या पट्टीवर पांढरा आकडा. एवढा फरक झोपेतून उठलेल्या माणसालाही कळतो.

३५ ते ५७ अशी दर फुटाला एक पान, म्हणजे २३ चित्रं. एक नीट करा, मग आकडा आणि सूचना बदलत एक्स्पोर्ट करत जा. नावं नुसती आकड्याची: ३५.पीएनजी, ३६.पीएनजी. सूचना मात्र घरच्या घरी ठरवायच्या आहेत, त्या दुसऱ्या कुणाला लिहून देता येणार नाहीत. बंधाऱ्यावरची पातळी आणि तुमच्या उंबऱ्यापर्यंतचं पाणी यांचा संबंध गल्लीगणिक वेगळा. सुतारवाड्यातलं घर आणि राजारामपुरीच्या चढावरचं घर यांना एकच यादी लागू होणार नाही. गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा, की गेल्या दोन पुरांत बंधाऱ्यावर किती फूट असताना पाणी कोपऱ्यावर आलं, किती असताना पायरीला लागलं. त्या आकड्यांच्या दोन-तीन फूट आधीच्या पानांवर सूचना टाका. पाणी पायरीला लागल्यावर 'गाडी हलवा' असं वाचून काय करायचं? पिण्याचं पाणी भरून ठेवायची सूचना बरीच आधीच्या पानावर हवी. पूर मोठा असला की उपसा केंद्रंच पाण्यात जातात आणि नळ बंद पडतात.

पातळी बातम्यांत फूट-इंचांत येते. आपलं ॲप फक्त फूट ओळखतं, तेव्हा इंच असले की वरचा फूट धरा. ३८ फूट ४ इंच म्हणजे ३९.

पक्की पानं तीन पुरेत. १.पीएनजी मध्ये फोन: ११२ आणीबाणी, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १९१२ वीज. त्याखाली तुमच्या नातेवाइकांचे आणि गल्लीतल्या दोघांचे. हे आकडे ६० ठिपक्यांचे करा. २.पीएनजी मध्ये निघताना घ्यायच्या वस्तू: औषधं, कागदपत्रं, चष्मा, रोख पैसे, गॅसची टाकी बंद केली का. त्याच पानाच्या तळाला जलसंजीवनीचं माप टाका: उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ३.पीएनजी मध्ये राधानगरी. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एक उघडला की साधारण १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत, म्हणजे पुढे पंचगंगेत, येतं. एक ते सात दरवाज्यांचा गुणाकार मांडून ठेवला की बातमी ऐकताना डोक्यात हिशेब करावा लागत नाही.

एक्स्पोर्ट करण्याआधी तीन गोष्टी, आणि यातली एकही टाळू नका. इमेज-मोडमध्ये ग्रेस्केल निवडा. फ्लॅटन करा, म्हणजे पारदर्शकता जाते. एक्स्पोर्टच्या खिडकीत इंटरलेसिंगची खूण काढा आणि ठिपक्याचं स्वरूप ८ बीपीसी ग्रे ठेवा. रंगीत, पारदर्शक किंवा इंडेक्स्ड पीएनजी दिली की पडद्यावर एकतर काहीच येत नाही, नाहीतर चित्र फाटल्यासारखं आडवंतिडवं उमटतं. शंभरातले नव्वद घोटाळे इथलेच.

प्रोग्राम

किंडलच्या ड्राइव्हवर बाहेरच्या पातळीला एक्स्टेन्शन्स नावाचा फोल्डर करा, त्यात पुर (पी, यू, आर) नावाचा दुसरा. सगळी चित्रं आणि खालच्या सगळ्या फाइली त्यातच. संगणकावरून दिसणारा ड्राइव्ह किंडल स्वतः /एमएनटी/यूएस या नावाने ओळखतं, म्हणून आज्ञेत तो पत्ता येतो.

पहिली फाइल पातळी.एसएच:

#!/बिन/एसएच
सीडी /एमएनटी/यूएस/एक्स्टेन्शन्स/पुर
एक्झेक २> चूक.टीएक्सटी
एन=$(कॅट अंक.टीएक्सटी)
एन=$((एन + $१))
[ $एन -एलटी ३५ ] && एन=३५
[ $एन -जीटी ५७ ] && एन=५७
एको $एन > अंक.टीएक्सटी
[ $१ -एनई ० ] && डेट '+%डी-%एम %एच:%एम' > वेळ.टीएक्सटी
स्लीप २
ईआयपीएस -सी
ईआयपीएस -एफ -जी $एन.पीएनजी
ईआयपीएस २ ३८ "$(कॅट वेळ.टीएक्सटी)"

अंक.टीएक्सटी मध्ये हाताने ३५ लिहून ठेवा आणि वेळ.टीएक्सटी मध्ये एक छोटी आडवी रेघ. या दोन फाइली नसतील तर पहिल्याच खेपेला गाडी अडते. मेन्यूतून येणारा आकडा (+१ साठी १, -१ साठी उणे १, नुसतं पाहण्यासाठी ०) जुन्या अंकात मिळवला जातो. ३५ च्या खाली आणि ५७ च्या वर जाऊ दिलं जात नाही, कारण त्या नावाचं चित्रच नाही. इजेक्ट न करता केबल ओढल्यामुळे अंकाची फाइल कधी रिकामी झाली तर त्यात पुन्हा ३५ लिहा.

वेळेची ओळ मुद्दाम अशी लिहिली आहे. पातळी बदलली तरच वेळ नोंदली जाते, नुसतं पाहिलं तर जुनीच वेळ दिसते. ही अट काढून टाकली तर सकाळची ३८ फुटांची नोंद संध्याकाळी उघडल्यावर संध्याकाळची वेळ दाखवेल, आणि घरातला माणूस त्यावर विसंबून बसेल. पुरात शिळा आकडा ताजा दिसण्याइतकं घातक काही नाही. डेटच्या आज्ञेत महिन्याचं एम छोटं, तासाचं एच आणि मिनिटांचं एम मोठं. उलट केलं तर मिनिटांच्या जागी महिना छापला जातो आणि घड्याळ दिवसभर एकाच मिनिटावर अडकल्यासारखं दिसतं.

छापलेली वेळ साडेपाच तास मागे असेल तर यंत्र ग्रीनिचची वेळ देत आहे. मग डेटच्या आधी टीझेड=आयएसटी-५:३० असं जोडा, टीझेड आणि आयएसटी दोन्ही मोठ्या अक्षरांत. भारत साडेपाच तास पुढे असताना उणे चिन्ह का, असं वाटेल. या पद्धतीत चिन्ह उलटं असतं. अधिक लिहिलंत तर अकरा तासांचा फरक पडेल.

स्लीप २ काढू नका. आज्ञा दिल्यावर क्युअल बंद होतं आणि होमची यादी पुन्हा रंगवली जाते. आपण थांबलो नाही तर ती यादी आपल्या चित्रावर येऊन बसते. दोन सेकंद कमी पडले तर तीन करा. -सी ने पडदा पुसला जातो, -एफ ने पूर्ण ताजा होतो. -एफ नसेल तर आधीच्या पानाची भुरकट सावली मागे उरते, काळ्या पट्टीच्या पानांनंतर जास्तच. शेवटच्या ओळीतले २ आणि ३८ म्हणजे रकाना आणि ओळ: मजकुरासाठी पडदा ५० रकाने आणि ४० ओळींचा धरलेला असतो, दर ओळ २० ठिपक्यांची.

दुसरी फाइल पान.एसएच. पहिल्या दोन ओळी त्याच, मग स्लीप २, ईआयपीएस -सी, आणि ईआयपीएस -एफ -जी $१.पीएनजी. बस.

मेन्यू जोडणं

कॉन्फिग.एक्सएमएल मध्ये बाहेर एक्स्टेन्शन हा टॅग. त्यात इन्फर्मेशन, आणि त्याच्या आत नेम, व्हर्जन, ऑथर, आयडी. त्यापुढे मेन्यूज, त्याच्या आत मेन्यू टॅग, ज्याचा टाइप जेसन आणि डायनॅमिक ट्रू, आणि मजकूर मेन्यू.जेसन. दुसऱ्या एखाद्या एक्स्टेन्शनची फाइल उचलून फक्त नाव आणि आयडी बदलणं सर्वांत सोपं.

मेन्यू.जेसन चा आकार असा:

{"आयटेम्स": [
{"नेम": "पातळी पाहा", "प्रायॉरिटी": १, "ॲक्शन": "./पातळी.एसएच", "पॅरम्स": "०"},
{"नेम": "एक फूट वर", "प्रायॉरिटी": २, "ॲक्शन": "./पातळी.एसएच", "पॅरम्स": "१"},
{"नेम": "एक फूट खाली", "प्रायॉरिटी": ३, "ॲक्शन": "./पातळी.एसएच", "पॅरम्स": "-१"},
{"नेम": "फोन", "प्रायॉरिटी": ४, "ॲक्शन": "./पान.एसएच", "पॅरम्स": "१"}
]}

उरलेली दोन पानं याच नमुन्यावर. नावंसुद्धा रोमन लिपीत लिहा. कारण वर सांगितलंच, मेन्यूही देवनागरी नीट मांडू शकत नाही. शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम राहिला किंवा अवतरणचिन्हं वळणदार पडली तर मेन्यूत तुमचं नावच येत नाही, आणि चूक कुठे आहे हेही क्युअल सांगत नाही. वर्ड किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलेलं चिकटवलं की ही वळणदार चिन्हं आपोआप येतात.

म्हणून सगळ्या फाइली नोटपॅड++ मध्ये लिहा. एडिट मेन्यूत ओळीचा शेवट युनिक्सचा करा, एन्कोडिंग यूटीएफ-८, बीओएमशिवाय. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह ठेवतं, आणि किंडलला ते आज्ञेचाच भाग वाटतं. फाइलचं नाव '३५.पीएनजी आणि एक अदृश्य अक्षर' असं झालं तर ती सापडणार कशी? विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन्स दाखवायची खूण लावून घ्या, नाहीतर मेन्यू.जेसन म्हणून जतन केलेली फाइल प्रत्यक्षात मेन्यू.जेसन.टीएक्सटी असते.

चालवणं आणि बिघाड

इजेक्ट करा, केबल काढा, क्युअल उघडा. केबल लावलेली असताना तो ड्राइव्ह संगणकाच्या ताब्यात असतो, त्या वेळी ॲप चालवून बघण्यात अर्थ नाही. 'एक फूट वर' दाबलं की दोन सेकंद थांबून पडदा काळा-पांढरा चमकतो आणि ३६ चं पान येतं.

काहीच झालं नाही तर पुन्हा केबल लावून चूक.टीएक्सटी उघडा. 'नॉट फाउंड' दिसलं तर बहुतेक ओळीच्या शेवटाचं प्रकरण. ती फाइल तयारच झाली नसेल तर मेन्यूतला पत्ता किंवा फोल्डरचं नाव चुकलं आहे. चित्र येतं पण वेळ येत नाही, तर वेळ.टीएक्सटी राहिली आहे. फक्त काही चित्रं येतात आणि बाकीची नाहीत, तर त्या चित्रांचं ग्रेस्केल करायचं राहून गेलं.

आपलं चित्र दिसत असताना होमची यादी त्याखाली जागीच असते. पाच दिशांचं बटण चुकून दाबलं तर एखादं पुस्तक उघडेल. घाबरण्यासारखं नाही, क्युअलमधून पुन्हा पातळी पाहा. होम किंवा मेन्यू दाबलं की नेहमीचा पडदा परत येतो.

दहा मिनिटं हात लावला नाही की किंडल झोपतं आणि स्क्रीनसेव्हरचं चित्र आपल्या पानावर येतं. ते थांबवायची आज्ञा आहे: लिपक-सेट-प्रॉप (लिपक म्हणजे एल, आय, पी, सी), पुढे कॉम.लॅब१२६.पॉवरडी, मग प्रिव्हेंटस्क्रीनसेव्हर, ज्यातले एस दोन्ही मोठे आणि शब्द एकसंध (पहिला एस स्क्रीनचा, दुसरा सेव्हरचा), आणि शेवटी १. पण यंत्र सतत जागं राहतं आणि आठवडे पुरणारी बॅटरी काही दिवसांत संपते. पुरात हा सौदा महाग आहे. त्यापेक्षा स्क्रीनसेव्हर बदलायचं पॅकेज बसवा आणि त्याच्या लिंकएसएस/स्क्रीनसेव्हर्स या फोल्डरात फोन नंबरांचं पान टाका, मग एकदा रीस्टार्ट करा. आता यंत्र झोपलं की नंबर समोर, आणि पातळी बघायची तेव्हा उठवायचं. झोपल्यावर जाहिराती दाखवणाऱ्या मॉडेलवर हे पॅकेज चालत नाही, तिथे पहिलाच मार्ग.

बॅटरी दहा-बारा वर्षांची झाली असेल तर तिच्यावर फार भिस्त नको. पावसाळ्याआधी वायरलेस बंद करून आठवडाभर ठेवून पाहा. निम्म्याहून जास्त उतरली तर बदलून घ्या. मूळ बॅटरी ८९० एमएएचची आहे. एरवी पॉवर बँकेवर तासभर लावलं की पुरे.

या पडद्याला दिवा नाही, रात्री टॉर्च लागतोच. झिपच्या पारदर्शक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. बटणांचं मॉडेल इथे टचपेक्षा सरस ठरतं, कारण पिशवीवरूनही बटणं दाबली जातात आणि पडद्यावर पाण्याचे थेंब पडले तरी पान आपोआप उलटत नाही.

मेच्या शेवटी एकदा सगळे नंबर फिरवून पाहा. बदललेले असतील तर १.पीएनजी नव्याने करून त्याच नावाने चिकटवा, आणि लिंकएसएसमधली प्रतही बदला. ॲप काढून टाकायचं असेल तर पुर हा फोल्डर पुसा आणि लिंकएसएसमधली प्रत काढा. जेलब्रेक, एमकेके आणि क्युअल मात्र यंत्रावर तसेच राहतात.